मधला जोड

३ फेब्रुवारी

दाजी,

वर मायना लिहिलेला नाही. ‘सप्रेम नमस्कार’ लिहायला घेतलं आणि तोंडात कडू पाणी आलं, म्हणून कागद फाडून दुसरा घेतला. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुम्ही पत्र न फोडताच टोपलीत टाकाल, म्हणून पत्ता इथल्या कॉलेजातल्या एका मुलीकडून लिहून घेतलाय. तुमच्या दातांच्या दवाखान्यावर पाठवतोय, कारण घरचं टपाल अक्का फोडते. फोनचं तर विचारूच नका. माझा नंबर तुम्ही तीन वर्षांपूर्वीच बंद करून टाकलात.

परवा अक्का माझ्या खोलीवर आली होती. तुम्हाला सांगून आली नसणार, तेव्हा तिला काही विचारू नका.

आल्यापासून तोंडापुढे रुमाल. बोलताना रुमाल, पाणी पिताना भिंतीकडे तोंड. मला वाटलं सर्दी असेल. मग बोलता बोलता आम्ही शाळेतल्या गणिताच्या मास्तरांवर आलो, ते चोरून खडू खायचे, आणि तिला हसू आवरेना. हसताना रुमाल खाली आला. दाजी, उंदीर मेल्याचा वास परवडला. हा तसा नव्हता. ओल्या फडक्यात आठवडाभर गुंडाळून ठेवलेलं लोखंड, आणि त्यावर काहीतरी गोडसर, नासलेलं. माझी खुर्ची मागे सरकली. आपोआप सरकली असं लिहिणार होतो, पण नाही, मी पायानं रेटली. लहानपणी मला उलटी आली की ही माझ्यापुढे ओंजळ धरायची, आणि मी तिच्यापासून खुर्ची मागे घेतली. तिनं ते पाहिलं. रुमाल वर गेला तो ती जाईपर्यंत खाली आला नाही.

“गोळ्यांचा सहावा कोर्स चालू आहे,” ती रुमालातूनच म्हणाली. “दहा दिवस बरं वाटतं, पंधराव्या दिवशी परत पू. तुझे दाजी म्हणतात, या वेळची गोळी जबर आहे.”

दारात चपला घालताना म्हणाली, “तू तरी सरळ वागलास. यांच्या तोंडावर खरं बोलून दवाखान्यातून बाहेर पडलास. मी हे कुणाकुणाला सांगते माहितीये?”

मी म्हणालो, “जपून जा.”

तो वास माझ्या ओळखीचा आहे, हे मी तिला सांगितलं नाही. मी हल्ली काय करतो ते तुमच्या कानावर आलं असेल. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लेथवर धातूच्या चकत्या कापतो, शर्टाच्या बटणाएवढ्या. दातांच्या कामात जे जे धातू वापरतात त्या सगळ्यांच्या. घासून, पॉलिश करून त्या आमच्या मॅडमना देतो आणि मॅडम त्यांच्यावर तोंडातले जंतू वाढवतात. आधी लाळेत बुडवायच्या, मग हवा काढलेल्या बरणीत, अंगाइतक्या उबेत ठेवायच्या. पाच दिवसांनी बरणी उघडली की मुली मास्क लावूनसुद्धा दोन पावलं मागे जातात. चकतीवर पिवळट, बुळबुळीत थर आलेला असतो. चिमट्यानं उचलला तर तार सुटते. दुपारचा डबा मी बाहेर पायरीवर बसून खातो, तरी पहिल्या घासाला तोच वास येतो. अक्काच्या तोंडाला त्या बरणीचा वास आहे.

मग त्या थरावर औषध ओततात. तेच जंतू पाण्यात सुटे असले तर एवढ्याशा औषधानं मरतात. धातूवर थर करून बसले की कितीतरी पट ओता, वरचे मरतात आणि खालचे दम धरून राहतात. औषध संपलं की पुन्हा पसरतात. दहा दिवस बरं, पंधराव्या दिवशी पू. हे लेथवाल्यानं डॉक्टरला सांगायचं म्हणजे कठीणच आहे.

गोळ्या बस करा आणि तिच्या जबड्यात तुम्ही बसवलेलं ते धातूचं काम काढा. तुम्ही का काढत नाही हे मला कळत नाही असं समजू नका. काढलं की खाली काय निघेल ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या तोंडात घाण भरता भरता ती घरात आली, दाजी. याची मला इतकी किळस येते की हे पत्र लिहून झाल्यावर मी हात धुणार आहे.

तुमचा मेहुणा, नाइलाजानं


१४ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, औषधं लिहायच्या कागदावर चार ओळी. ‘तिच्या तोंडात शुद्ध टायटॅनियमचा जोड आहे. तो कापायची दांडी मी स्वतः तुझ्या हातात दिली होती. हाडानं खिळा घट्ट धरलाय, तुझ्या सांगण्यावरून बायकोचा जबडा फोडणार नाही. तोंड सांभाळून बोलत जा.’

दांडी दिली होती, हे खरं आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मी बाकीच्या पेशंटांबद्दल विचारतो. हाडात जायचा खिळा तुम्ही बंद पुडीतून काढायचात, तो चोख असायचा, मान्य. वरचा दातही ठीक. पण खिळा आणि दात यांच्या मधला जोड मी करायचो. टायटॅनियमचा जोड मागवला की यायला सहा आठवडे. “पेशंट सहा आठवडे आ वासून बसत नाही,” तुम्ही म्हणालात आणि मला साध्या मिश्रधातूचा ओतायला सांगितलंत, ज्यात निकेल आहे. ओतून उरलेले गोळे पुन्हा मुशीत टाकायचे, त्यातून उरलेले तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला त्या धातूवर काजळीसारखी साय यायची, ती मी खरवडून टाकायचो आणि पॉलिशच्या चाकावर आरशासारखा करून द्यायचो. तुम्ही म्हणायचात, “चकाकतंय ना? मग झालं.” आणि पेशंटच्या हातात ‘शुद्ध टायटॅनियम’ असं छापलेलं कार्ड.

त्या मुख्याध्यापिका आठवतात? वर्षात चार वेळा आल्या, खालचा ओठ सुजलेला. तुम्ही त्यांना आरशात दात कसे घासायचे ते शिकवलंत. ज्या बाईनं हजार मुलांना नखं आणि दात दाखवायला उभं केलं असेल, तिला. आणि गोळ्या दिल्यात. त्या मान खाली घालून गेल्या, जणू काही त्याच घाणेरड्या. मी पडद्याआड चाक फिरवत होतो आणि चाक बंद केलं नाही.

आता मॅडमचं ऐका. तुमच्याकडून निघताना आणलेल्या हत्यारांत आपल्या मिश्रधातूचा एक गोळा राहिला होता. त्याची चकती करून मी डिसेंबरातच त्यांना दिली. त्यांनी ती टायटॅनियमच्या चकतीला चिकटवून बरणीत टाकली, दुसऱ्या बरणीत नुसतं टायटॅनियम. महिन्याभरानं आपल्या चकतीला काळे खड्डे पडले होते, पायाला कुरूप होतं तसे. थर दोन्हींवर होता, पण हिच्यावरचा काळपट, आणि औषधाला दाद देईना.

मॅडम म्हणाल्या, “धातू झिजून कण सुटतात. ते विष अंगाबाहेर फेकायला जे जंतू शिकतात, त्यातले काही औषधही त्याच वाटेनं बाहेर फेकायला लागतात. शिवाय हे एक औषध आहे ना, ते धातूच्या कणांनाच चिकटून बसतं. जंतूपर्यंत पुरेसं पोचतच नाही.”

लगेच त्यांनी मला दमही दिला. “हे बशीतलं आहे हं, माणसाच्या तोंडातलं नाही. बाहेर बोलत सुटू नका. अजून बरंच तपासायचंय.” मग चिमटा खाली ठेवून विचारलं, “हा धातू कुठून आणलात तुम्ही?”

“जुन्या कामातला उरलेला.”

“कुणाच्या तोंडात नाहीये ना?”

“छे,” मी म्हणालो.

असो. अक्काला कुठल्या तरी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. जबडा फोडायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. धातू कुठलाही असो, थर तो थरच. एवढं तरी ऐका.

मेहुणा


२३ फेब्रुवारी
तुमच्याच दवाखान्याच्या बाकावरून

दाजी,

तुम्ही आत आहात, मी बाहेर. मधे एक दार. सकाळी भाचीचा फोन आला. “मामा, आईचं तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडत नाहीये. गळ्यापर्यंत सूज आहे, ताप उतरत नाही. रात्री हॉस्पिटलमध्ये ठेवलं. तिथले सर्जन खिळा काढू म्हणतात, पण बाबा अडून बसलेत. बाबा म्हणतात धातू शुद्ध आहे, दोष दुसरीकडे आहे, अजून दोन दिवस इंजेक्शन देऊन बघू.”

तुमच्या काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, आत जाऊ दे. ती म्हणाली, “डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही आलात तर आत सोडायचं नाही.” म्हणालो, चिठ्ठी तरी देशील? “चिठ्ठी देते,” म्हणाली. ही ती चिठ्ठी. माझ्या शेजारी एक बाई गालाला हात लावून बसल्यात आणि मी काय लिहितोय ते तिरक्या नजरेनं बघतायत. बघू देत.

अक्काच्या तोंडात टायटॅनियम नाही.

तुम्ही दांडी आणून दिलीत, “घरचं काम आहे, एवढी एकच मिळाली, जपून,” असं म्हणालात. त्याच सकाळी तुम्ही मला पेशंटसमोर ‘सुतार’ म्हणाला होतात, कुणाचा तरी जोड डुगडुगत होता म्हणून. मी धुसफुसत लेथवर बसलो. टायटॅनियमला घाई चालत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. हळू फिरवावं लागतं, सारखं गार करावं लागतं. मी वेग वाढवला. दांडी तापली, पातं तिला चिकटलं आणि ओढ बसून ती वाकडी झाली. पाच मिनिटांचं काम. तुम्हाला येऊन सांगायचं होतं, दांडी वाया गेली. पण ‘सुतार’ पुन्हा ऐकायचं नव्हतं.

खणात एक मिश्रधातूचा जोड पडलेला होता, तिसऱ्या ओतातला. तो अक्काच्या मापाला घासला. तुम्हाला द्यायच्या आधी दोन तास पॉलिश करत होतो, इतका वेळ मी कुठल्याच कामाला दिला नव्हता. तुम्ही तो दिव्यापुढे धरलात आणि म्हणालात, “बघ, चांगला माल हातात आला की तुझं काम कसं खुलतं.”

दाजी, मला तेव्हा लाज वाटली नाही. आनंद झाला. एवढे मोठे डॉक्टर आणि ओळखता आलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य आठवून मी मनात हसायचो. अक्का मला वाढायची, त्याच तोंडानं माझ्याशी बोलायची, आणि मी तिच्या हसण्यात माझं पॉलिश बघायचो.

वर्षभरानं मी तुम्हाला भर दवाखान्यात लबाड म्हणालो आणि निघून गेलो. सगळ्या नात्यात मी खरा ठरलो. मला त्या खरेपणाची सवय झाली. पहिल्या पत्रात मी तुम्हाला जे जे लिहिलं, ते लिहितानाही मला हे सगळं माहीत होतं.

इंजेक्शनची वाट बघू नका. तो जोड माझा आहे. आताच्या आता काढायला सांगा.


१९ मार्च

दाजी,

तुम्ही चार दिवस परिषदेला गेलाय. हे पत्र तुमच्या टेबलावर ठेवतोय, म्हणजे आल्याबरोबर दिसेल. त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर होतात, तरी ते मी लिहून ठेवतोय, कारण तुम्ही सगळ्यांना सांगत फिरताय की अक्काचं शरीरच धातू स्वीकारत नव्हतं.

झालं ते असं. तुम्ही हातमोज्यांसह बाहेर आलात, माझा कागद बोटांच्या ओलीनं भिजलेला होता. उभ्यानंच शेवटची ओळ वाचलीत आणि “ऊठ” म्हणालात. गाडीत एका सिग्नलला काच खाली केलीत आणि बाहेर थुंकलात. मला वाटलं होतं तुम्ही मला माराल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सर्जननं जोड फिरवून काढला आणि वाटीत टाकला. त्याखालून जे आलं ते तुम्ही पाहिलंत. काळं, दह्यासारखं फुटलेलं. नर्सनं मान फिरवली. सर्जननं विचारलं, “हा काय धातू आहे?” आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. मग खिळा, शेजारचा दुसरा खिळा, आणि त्यांच्याबरोबर हाडाचा तुकडा. पू तपासायला गेला, त्यावरून औषध बदललं, चौथ्या दिवशी ताप उतरला. औषध तेव्हा लागू पडलं, कारण आता जंतूंना बसायला जागा राहिली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या यंत्रापाशी तुम्ही मला म्हणालात, “जे झालं ते झालं. तू माझं बोलू नकोस, मी तुझं बोलणार नाही. घरातलं घरात राहील.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बरोबरीनं बोललात. मी मान हलवली.

त्यानंतर तीन आठवडे मला अन्न गेलं नाही. बरणीचा वास नव्हता तो. तुमचा हात खांद्यावर पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं, त्याची किळस होती.

काल मी मॅडमना खरं सांगितलं, तो धातू एकतीस तोंडांत आहे. त्या म्हणाल्या, “एकतीस जणांची नावं आहेत?” माझ्या जुन्या वहीत आहेत. प्रत्येक जोडाचं माप, दात कितवा, माणूस कोण. “मग इथे काय करताय?” म्हणाल्या.

तिथून अक्काकडे गेलो. तिचा चेहरा उजवीकडून आत गेलाय, शब्द जिभेवर घसरतात. आता रुमाल धरत नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दांडी, खण, दोन तास पॉलिश, तुमचं दिव्यापुढचं वाक्य, माझं हसू. पाण्याच्या यंत्रापाशी ठरलेलं पण सांगितलं, तुमची परवानगी न घेता.

ती ऐकत होती. मधेच उठली, मला वाटलं आत निघून जाईल. तिनं गॅसवरचं दूध बंद केलं आणि परत येऊन बसली.

“मी सगळ्यांना सांगत होते,” ती म्हणाली, “माझा भाऊ सरळ आहे म्हणून.”

“हो.”

“तू ऐकत होतास.”

“हो.”

“शी,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही. लहान मूल हातात काहीतरी घाण घेऊन आलं की म्हणतो तसं. मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्यात. ही जन्मभर पुरेल.

मग तिनं हात पुढे केला. “वही दे.”

“अक्का, मी करतो फोन.”

“तुझ्याशी बोलायला मला वेळ लागेल. फोन करायला नाही. तू त्या कोपऱ्यात बस आणि कितवा दात ते सांग. माझ्याशी दुसरं काही बोलू नकोस.”

सुरुवातीची सहा वर्षं दवाखान्याचं काउंटर तिनंच सांभाळलं, हे तुम्ही विसरलात. तिला नाव वाचून माणूस आठवतो. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाला सुईची भीती, कुणी खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. कालपासून तिनं बावीस फोन केले. बोलून जबडा दुखला की बर्फ लावायची आणि पुढचा नंबर फिरवायची. काहींनी शिव्या दिल्या, तिनं त्या पुऱ्या ऐकून घेतल्या. एकानं विचारलं, पोलिसात जाऊ का? ती म्हणाली, “जा. पण आधी तोंड तपासून घ्या.” सगळ्यांना ती एकच सांगते: मधला जोड तुम्हाला सांगितला त्या धातूचा नाही, दुखत नसलं तरी दाखवा, स्वतःच्या मनानं गोळ्या घेऊ नका, आमच्याकडे यायचं नसेल तर दुसरीकडे जा, कागद मी देते.

सोमवारी नऊपासून आठजण दवाखान्यात यायचेत. मुख्य दरवाजा बंद ठेवलात तर ते रस्त्यावर उभे राहतील आणि अक्का त्यांच्याबरोबर उभी राहील, असा तिचा निरोप आहे. हॉस्पिटलमधले सर्जन अर्धा दिवस यायला तयार आहेत, भाचीनं त्यांना विचारलं. काय काय कोणत्या मापाचं आहे ते सांगायला मी येणार आहे. माझ्यावर जे काही करायचं असेल ते तुम्ही किंवा त्या लोकांनी त्यानंतर करा. मी गाव सोडून जात नाहीये.

हे लिहितोय तेव्हा अक्का तेविसाव्याशी बोलतेय. बस चालवतो तो, खालची डावी दाढ. पलीकडून तो ओरडतोय ते मला कोपऱ्यात ऐकू येतं. त्याचं म्हणणं, त्याला नीट कळत नाहीये, बाई, तुम्ही असं बोबडं काय बोलताय, थट्टा करताय का माझी?

“नाही हो,” अक्का म्हणतेय. “माझ्याही तोंडात तेच होतं. काढलंय. थोडं हळू बोलते, ऐका.”